रमजानचं आकाश, आपल्या गच्चीवरून

रमजान सुरू झाला की शहरातल्या दुकानांत, घरांत आणि मशिदींच्या फलकांवर एक छापील तक्ता लागतो. सहेरी संपण्याची वेळ, इफ्तारची वेळ, तीस दिवसांच्या तीस ओळी आणि खाली एखाद्या कापड दुकानाची किंवा मेडिकलची जाहिरात. हा भूक-तहानेचा हिशेब आहे असं आपण धरून चालतो. खरं तर तो आकाशाचा हिशेब आहे. सहेरी संपते ती ‘सुबह-सादिक’ला, म्हणजे पूर्वेला उजेडाची पहिली खरी रेघ उमटते तेव्हा. आपल्याकडच्या बहुतेक तक्त्यांत ही वेळ सूर्य क्षितिजाखाली सुमारे १८ अंशांवर असताना धरलेली असते. रात्रीचा पूर्ण अंधार संपला असं खगोलशास्त्रज्ञ मानतात, तेही याच १८ अंशांपाशी. संध्याकाळच्या इशाची वेळही साधारण याच हिशेबानं काढतात. थोडक्यात, तक्त्यातला इशा ते सहेरीचा काळ हाच ताऱ्यांचे फोटो काढण्याचा काळ. ज्यांच्या घरी हा तक्ता नसेल त्यांनी शेजाऱ्यांकडून मागून घ्यावा, फुकट मिळतो.

आकाशाचे फोटो म्हटलं की डोळ्यांसमोर मोठी दुर्बीण, लाखाचा कॅमेरा आणि लडाखचा डोंगर येतो. ते सगळं ज्याला परवडतं त्यानं जरूर करावं. पण घराच्या गच्चीवरून, हातातल्या फोननं किंवा लग्नकार्यासाठी कधीतरी घेतलेल्या जुन्या डीएसएलआरनं पुष्कळ काही टिपता येतं. त्यासाठी रमजानसारखा महिना नाही. एक तर पहाटे साडेचार-पाचला अर्धं गाव जागं असतं. दुसरं, हा महिना चंद्राच्या एका पूर्ण फेरीचा आहे, एका बारीक कोरीपासून दुसऱ्या बारीक कोरीपर्यंत. आणि २०२४, २०२५ व २०२६ या तिन्ही वर्षांत रमजान आणि फाल्गुन जवळपास जोडीनं चालले. होळी बाराव्या-तेराव्या रोज्याच्या आसपास आली आणि गुढीपाडव्यानंतर एक-दोन दिवसांत ईद. दोन्ही महिने एकाच चंद्रावर मोजले जातात, त्यामुळे हे होणारच. पुढच्या वर्षी अधिक महिन्यामुळे ही जोडी सुटेल आणि रमजान माघात जाईल. तोपर्यंत फाल्गुनाचं कोरडं, बहुधा निरभ्र आकाश दोघांच्या वाट्याला सारखंच आहे.

सामान किती लागतं?

पहिली गरज कॅमेऱ्याची नाही, तो हलू नये याची आहे. ताऱ्यांचा प्रकाश इतका क्षीण असतो की शटर दहा-पंधरा सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात हात हलतोच. ट्रायपॉड असेल तर उत्तम. नसेल तर गच्चीच्या जमिनीवर तांदळाची किंवा वाळूची छोटी पिशवी ठेवून त्यात फोन वा कॅमेरा हवा तसा तिरका रुतवावा. बटण दाबतानाचा धक्काही फोटोत उतरतो, म्हणून दोन किंवा तीन सेकंदांचा टायमर लावावा.

फोनमध्ये ‘प्रो’ मोड असेल तर शटर दहा सेकंद, आयएसओ ८०० आणि फोकस अनंतावर, म्हणजे डोंगराच्या चिन्हावर. प्रो मोड नसेल तर नाइट मोड चालेल. फोन स्थिर आहे हे कळलं की बरेच फोन स्वतःच जास्त वेळ घेतात. डीएसएलआरला सोबत मिळणारी १८-५५ची साधी लेन्स पुरेशी आहे. ती १८वर ठेवावी, ॲपर्चर जितकं उघडेल तितकं, म्हणजे बहुधा एफ ३.५. आयएसओ ८०० ते १६००, शटर पंधरा सेकंद. फोकस मात्र स्वयंचलित नको. स्क्रीनवर एखादा तेजस्वी तारा मोठा करून घ्यावा आणि तो बारीकात बारीक टिंब होईपर्यंत रिंग हातानं फिरवावी. फोटो ‘रॉ’ स्वरूपात घेतला तर नंतर शहराचा पिवळट उजेड थोडा कमी करता येतो.

पंधराच सेकंद का, याचं उत्तर आपल्या पायाखाली आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे दर चार मिनिटांना एक अंश. शटर जास्त वेळ उघडं राहिलं की तारा टिंब न राहता रेघ होतो. यासाठी एक सोपा अडाखा आहे: ५००ला लेन्सच्या फोकल लांबीनं भागायचं. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात १८ची लेन्स मोठ्या सेन्सरवरच्या २७सारखं काम करते, म्हणून ५०० भागिले २७, म्हणजे साधारण अठरा सेकंद. पंधरावर थांबलं की निश्चिंत.

आणखी एक गोष्ट सामानात धरावी, ती म्हणजे शेजारी. पहाटे चारला गच्चीवर कोणी तिपाई लावून उभं दिसलं तर समोरच्या घराला शंका येणं साहजिक आहे. कॅमेऱ्याचं तोंड कोणाच्या खिडकीकडे नसावं. काय चाललंय हे आदल्या दिवशीच सांगून ठेवावं, जमलं तर त्यांनाही वर बोलवावं. आणि कठडा नसलेल्या गच्चीवर अंधारात मागे-मागे सरकू नये.

अंधाऱ्या खोलीपासून जेऊरपर्यंत

कॅमेरा आणि आकाश यांचं नातं जुनं आहे. अकराव्या शतकात इब्न अल-हैसम या विद्वानानं सूर्यग्रहणाचा आकार समजून घेण्यासाठी बारीक छिद्रातून पडणाऱ्या प्रतिमेचा अभ्यास केला. त्यावर त्याचा स्वतंत्र प्रबंध आहे. कॅमेऱ्याच्या तत्त्वाचा इतिहास सांगताना त्याचं नाव टाळता येत नाही. फोटोग्राफीचा शोध जाहीर झाल्यानंतर वर्षभरातच, १८४०मध्ये, न्यूयॉर्कमध्ये जॉन विल्यम ड्रेपर यानं चंद्राचा फोटो काढला. १८५०मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेत सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचा पहिला फोटो निघाला. तो तारा अभिजित.

आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या मदतीनं वेधशाळा उभारली. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती. २२ जानेवारी १८९८चं खग्रास सूर्यग्रहण टिपायला ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. त्यांच्याकडे काचेच्या जड पट्ट्या आणि रसायनं होती. आपल्याकडे खिशातला फोन आहे आणि चुकलेला फोटो पुसायला पैसे पडत नाहीत.

पहिले दहा दिवस: चंद्रकोर आणि पहाटेचे तारे

रमजानचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग मानतात, त्यांना अशरा म्हणतात. आकाशाच्या फोटोंसाठीही हीच वाटणी सोयीची आहे.

पहिल्या अशऱ्यात संध्याकाळी पश्चिमेला वाढती कोर असते. फाल्गुनातली ही कोर महाराष्ट्रातून पाहिली तर होडीसारखी आडवी दिसते, दोन्ही टोकं वर. या दिवसांत चंद्राचा मार्ग आपल्या पश्चिम क्षितिजावर जवळपास उभा असतो. त्यामुळे चंद्र सूर्याच्या बरोबर वर राहतो आणि त्याची खालची कड उजळते. भाद्रपद-आश्विनात हाच मार्ग तिरका पडतो आणि कोर कलंडलेली दिसते. ही आडवी कोर फोटोत उठून दिसते, खाली एखादं नारळाचं झाड, मिनार किंवा मंदिराचा कळस घेतला तर आणखीच.

सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय कॅमेरा त्या दिशेला धरू नये. डोळा आणि सेन्सर दोन्हींना धोका असतो. मावळतीनंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आयएसओ ४००, एफ ५.६ ठेवून सेकंदाचा साठावा, पंधरावा आणि चौथा भाग असे तीन फोटो घ्यावेत, एक तरी जमतो. इफ्तारचा खजूर आणि पाणी घेऊन मगरिबची नमाज झाली की नेमकी हीच वेळ येते.

दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कोरीच्या आत उरलेला चंद्रही राखाडी रंगात दिसतो. तो उजेड आपला आहे. सूर्याचा प्रकाश पृथ्वीवर पडतो, इथले ढग आणि समुद्र त्यातला काही चंद्राकडे परतवतात आणि तोच पुन्हा आपल्याकडे येतो. आयएसओ ८०० आणि एक-दोन सेकंद शटर ठेवलं की तो फोटोत येतो. कोर मात्र भडक पांढरी होते, तेवढं चालवून घ्यायचं.

याच दहा दिवसांत पहाटे चंद्र नसतो. सहेरीचं जेवण चुलीवर असताना दहा मिनिटं गच्चीवर गेलात तर दक्षिणेकडे नांगी उगारलेला अख्खा वृश्चिक दिसेल, त्याच्या छातीशी तांबूस ज्येष्ठा. डोक्यावर नारिंगी स्वाती, पश्चिमेकडे झुकलेली चित्रा, ईशान्येला अभिजित, पूर्वेला नुकताच वर आलेला श्रवण. अरबांनी या शेवटच्या दोघांना दोन गरुड मानलं, एक झेप घेऊन उतरणारा आणि एक उडणारा. ‘उतरणारा’ या अर्थाच्या ‘वाके’पासून अभिजितचं इंग्रजी नाव व्हेगा झालं आणि ‘उडणारा’ म्हणजे ‘ताइर’पासून श्रवणचं अल्टेर.

गावाबाहेर शेतावर घर असेल तर वृश्चिकाच्या नांगीजवळून आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग वर येताना दिसतो. उर्दूत तिला कहकशां म्हणतात. डोळ्यांना ती धुरासारखी दिसते. पण आयएसओ १६०० आणि पंधरा सेकंदांचा एक फोटो घ्या; त्या धुरात काळ्या वाटा आणि उजेडाचे ढग दिसू लागतात. पहाटे उजाडण्याआधी पूर्वेला कधी कधी एक उभा, शंकूसारखा मंद उजेड दिसतो. त्याला ‘सुबह-काजिब’ म्हणजे खोटी पहाट म्हणतात. ग्रहांच्या प्रतलातल्या धुळीवर पडलेला तो सूर्यप्रकाश आहे. तो पाहून सहेरी थांबवायची नसते, हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. शहरातल्या पिढीला तो दिसतच नाही.

मधले दहा दिवस: चंद्राचा चेहरा

आठव्या रोज्यापासून पुढे चंद्र इतका उजळतो की तारे मागे पडतात. मग चंद्राचेच फोटो काढावेत. चंद्र रात्री दिसतो म्हणून त्याला रात्रीचं मोजमाप लावू नये. तो उन्हात पडलेला दगड आहे, त्याला दिवसाचं मोजमाप लागतं. आयएसओ १००, एफ ११ आणि शटर सेकंदाचा शंभरावा भाग, इथून पौर्णिमेच्या चंद्राला सुरुवात करावी आणि अर्ध्या चंद्राला थोडं वाढवावं. फोनवर चंद्राला बोटानं स्पर्श करून शेजारची सूर्याची खूण खाली ओढावी, म्हणजे पांढरा गोळा निवळून डाग दिसू लागतात.

चंद्र आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद आहे. लेन्सच्या लांबीला ११०नं भागलं की सेन्सरवर तो किती मिलिमीटर उमटेल ते कळतं. १८च्या लेन्सवर तो टाचणीच्या टोकाएवढाही नाही, ३००च्या लेन्सवर पावणेतीन मिलिमीटर. मोठी लेन्स नसेल तर घरातला बायनॉक्युलर स्टँडवर घट्ट बांधा आणि त्याच्या एका भिंगाला फोनचा डोळा नेमका लावा. जरा खटपट होते, पण विवरं दिसतात. काही नव्या फोनमध्ये चंद्र ओळखून त्याचे तपशील फोन स्वतःच गडद करतो. ती सोय बंद करून बघावी, म्हणजे आपण टिपलेलं किती आणि फोननं भरलेलं किती ते कळेल.

विवरांसाठी पौर्णिमा नव्हे, अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र चांगला. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं आणि सावल्या नाहीशा होतात. अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात. त्या सीमेजवळ, चंद्राच्या मध्याच्या थोडं खाली, दोन मोठी विवरं सापडतात. एकाचं नाव अल्बाटेग्नियस, दुसऱ्याचं आर्झाखेल. लॅटिन वळणाच्या या नावांमागे रक्का शहरातून वेध घेणारा अल-बत्तानी आहे आणि स्पेनमधल्या टोलेडोचा अल-जरकाली. चंद्रावर आर्यभट आणि विक्रम साराभाई यांच्याही नावाची विवरं आहेत, पण ती लहान आहेत, त्यांना दुर्बीणच हवी.

पौर्णिमेचा चंद्र उगवतानाच टिपावा. सूर्य मावळायला आणि चंद्र उगवायला एकच वेळ येते, त्यामुळे खालची घरं, पाण्याची टाकी आणि चंद्र तिन्ही एका फोटोत नीट येतात. यंदा होळी पौर्णिमेला, ३ मार्चच्या संध्याकाळी, चंद्र ग्रस्तोदित आहे, म्हणजे ग्रहण लागलेल्या अवस्थेतच उगवणार. ग्रहणाचा मुख्य भाग पावणेसातच्या सुमारास सुटतो. विदर्भात आणि मराठवाड्याच्या पूर्व भागात पूर्व क्षितिज मोकळं असेल तर काही मिनिटं कडा कुरतडलेला चंद्र मिळेल. मुंबई-कोकणाकडे चंद्र उगवेपर्यंत ग्रहण जवळपास संपलेलं असेल. वेळ इफ्तारची आहे, तेव्हा कॅमेरा आधीच लावून ठेवावा.

शेवटचे दहा दिवस: मृग, कृत्तिका आणि उतरती कोर

शेवटच्या अशऱ्यात चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, म्हणून संध्याकाळ अंधारी मिळते. तरावीह आटोपून येताना पश्चिमेकडे मान वर केली की मृग नक्षत्र दिसतं. पोटात एका ओळीत तीन ताऱ्यांचा बाण, त्या बाणाच्या रेषेत खाली व्याध. दुसऱ्या बाजूला तांबूस रोहिणी आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा पुंजका. दक्षिणेला अगदी खाली अगस्ती. यंदा पुनर्वसूच्या दोन ताऱ्यांजवळ सर्वांत तेजस्वी दिसतो तो गुरू, उर्दूतला मुश्तरी.

वर्गात मी मुलांना विचारतो, आपल्यापैकी किती जणांची नावं आकाशात आहेत? रोहिणी, चित्रा, स्वाती, श्रवण, अभिजित हे हात लगेच वर येतात. मग सांगावं लागतं की कृत्तिका म्हणजेच सुरैया आणि अगस्ती म्हणजेच सुहैल. रोहिणीला अरबीत अल-दबरान म्हणजे मागून येणारा म्हणतात, कारण तो तारा कृत्तिकांच्या मागोमाग उगवतो. मृगातल्या राजन्य ताऱ्याचं रायजेल हे नाव ‘रिज्ल’ म्हणजे पाय या शब्दावरून आलं. एकाच पुंजक्याला एका घरानं कृत्तिका म्हटलं, दुसऱ्यानं सुरैया, आणि दोन्ही घरांनी लेकींना ती नावं दिली.

मृगाचा फोटो नवशिक्यासाठी सर्वांत समाधान देणारा आहे. आयएसओ ८००, दहा सेकंद, बस. डोळ्यांना पांढरे दिसणारे तारे फोटोत रंग दाखवतात: वरचा काक्षी नारिंगी, खालचा राजन्य निळसर. बाणाच्या जवळ एक धूसर ठिपका येतो, तो तारा नाही. तो तेजोमेघ आहे, तिथे नवे तारे जन्मतात. कॉलनीतल्या गच्चीवरून, साध्या लेन्सनं तो टिपता येतो हे खरं वाटत नाही, पण येतो.

रेघांचे फोटो हवे असतील तर कॅमेरा उत्तरेला करावा. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश होते. ध्रुवतारा महाराष्ट्रात क्षितिजापासून सुमारे दोन मुठी वर असतो, कारण त्याची उंची म्हणजे आपल्या गावाचा अक्षांश. वीस-पंचवीस सेकंदांचे शंभर-सव्वाशे फोटो एकामागून एक घेत राहावेत. संगणकावर सीक्वेटर किंवा स्टारस्टॅक्ससारख्या मोफत प्रणालीत ते एकत्र केले की ध्रुवाभोवती फिरलेल्या ताऱ्यांची वर्तुळं दिसतात. पाऊण तास आपण गच्चीवर बसून होतो आणि पृथ्वी किती फिरली, याचा तो पुरावा.

आणि महिन्याच्या अखेरीस, सत्तावीस-अठ्ठाविसाव्या सहेरीला, पूर्वेला उतरती कोर शोधावी. ही आडवी नसते. ती डावीकडे खाली कलंडलेली असते, कारण पहाटे चंद्राचा मार्ग तिरका पडतो. महिन्याच्या सुरुवातीची आडवी कोर आणि शेवटची कललेली कोर असे दोन फोटो शेजारी ठेवले की सगळी भूमिती न शिकवता समजते.

चाँदरातीचे फोटो

या दोन कोरींचा फरक माहीत असला की आणखी एक फायदा होतो. एकोणतिसाव्या रोज्याला संध्याकाळी सातपासून मोबाइलवर ‘चाँद दिसला’ म्हणून फोटो फिरू लागतात. त्यात गेल्या वर्षीचे असतात, दुसऱ्या देशातले असतात, पहाटेचेही असतात. फाल्गुनात आपल्याकडून काढलेल्या फोटोत कोर आडवी हवी. ती उभी धनुष्यासारखी असेल, जाड असेल किंवा मागे आकाश काळंभोर असेल तर तो फोटो आजचा इथला नाही. अगदी नवी कोर संधिप्रकाशातच दिसते आणि लवकर मावळते.

चांगला फोटो निघाला म्हणून चाँद ठरत नाही, हेही लक्षात ठेवावं. ८ जुलै २०१३ रोजी फ्रान्समध्ये थिएरी लेगो यांनी अमावास्येच्या नेमक्या क्षणी, भर दिवसा, अवरक्त प्रकाशात चंद्राची कोर टिपली. जी डोळ्यांना कधीच दिसू शकत नाही, ती कॅमेऱ्यानं पाहिली. ईद ठरते ती डोळ्यांनी पाहिलेल्याच्या साक्षीवर आणि ते काम हिलाल कमिटीचं आहे. आपण फोटो काढावा, तारीख-वेळ लिहून ठेवावी आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा. खात्री नसलेला फोटो पुढे पाठवू नये.

ताऱ्यांचे साक्षीदार

चाँदला साक्षीदार लागतात हे आपल्याला माहीत आहे. ताऱ्यांना मात्र आपण कधी साक्षीदार दिले नाहीत, आणि ते गुपचूप कमी होत चालले आहेत. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक नकाशानुसार जगातली ८० टक्क्यांहून अधिक माणसं कृत्रिम उजेडानं मलिन झालेल्या आकाशाखाली राहतात आणि एक तृतीयांशाहून अधिक लोकांना घरून आकाशगंगा दिसत नाही. २०२३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात सामान्य नागरिकांनी डोळ्यांनी केलेल्या पन्नास हजारांहून अधिक नोंदी वापरल्या होत्या. त्यांत रात्रीचं आकाश वर्षाला जवळपास दहा टक्क्यांनी उजळत असल्याचं दिसलं. म्हणजे ज्या ठिकाणी मूल जन्मलं तेव्हा अडीचशे तारे दिसत होते, तिथे ते अठरा वर्षांचं होईल तेव्हा शंभर दिसतील.

हा उजेड परका नाही. चौकातला हायमास्ट, रिकाम्या शोरूमचा रात्रभर जळणारा फलक, लग्नाच्या हॉलचे वर तोंड केलेले झोत आणि सणासुदीची आपली सगळ्यांची रोषणाई. रोषणाई असूच नये असं कोणी म्हणणार नाही. पण दिव्याला वरून झाकण असलं तर उजेड रस्त्यावर पडतो, आकाशात वाया जात नाही, आणि रात्री अकरानंतर फलक विझवला तर गिऱ्हाईक कमी होत नाही. आपल्याच राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. दिव्यांची शिस्त लावली तर काय उरतं, ते तिथे जाऊन पाहता येतं. पण तारे बघायला प्रत्येकानं जंगलात का जावं?

म्हणून एक साधं काम सुचवतो. शेवटच्या अशऱ्यात, चंद्र नसताना, आपल्या गच्चीवरून मृगाचा एक फोटो काढावा. आयएसओ ८००, दहा सेकंद, फोनवर असो वा कॅमेऱ्यावर. तारीख, वेळ, जागा आणि हे आकडे वहीत लिहावेत. मग डोळ्यांनी मृगाच्या चौकोनात किती तारे मोजता आले तेही लिहावं. घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या माणसाकडून मोजून घेतलं तर अधिक चांगलं. पुढच्या वर्षी याच दिवसांत, त्याच जागेवरून, त्याच आकड्यांवर पुन्हा एक फोटो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकेल, मृग मात्र फाल्गुनातल्या त्याच जागी येईल, तेव्हा फोटोची तारीख फाल्गुनाची धरावी.

अशा पाच-सात वर्षांच्या नोंदी एखाद्या मोहल्ल्यात, एखाद्या कॉलनीत जमल्या, तर नगरपालिकेत दिव्यांबद्दल बोलायला जाताना हातात काहीतरी असेल. ‘पूर्वी खूप तारे दिसायचे’ हे आजी-आजोबांचं वाक्य कोणी ऐकून घेत नाही. तारखेसह ठेवलेले दोन फोटो समोर ठेवले तर ऐकावं लागतं. या कामाला तांदळाची पिशवी, हातातला फोन आणि वर्षातली दहा मिनिटं लागतात.